आगबोटीचा मक्ता, दारावरची चिठ्ठी आणि १८२४ चा एक निकाल

बंदरावरचा कावळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले काही आठवडे मी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात पुरता अडकलोय. भाची अमेरिकेत वकिलीचं शिकते. ती फोनवर म्हणाली, 'गिबन्स विरुद्ध ऑग्डन' वाचतेय. विचारलं, यात भांडण कशाचं? म्हणाली, 'मामा, व्यापारावर हुकूम कोणाचा, केंद्राचा की राज्याचा.' म्हटलं, हे झालं कोर्टाचं. त्या दोघांचं भांडण कशावरून होतं? तर म्हणे, 'ते नाही शिकवत.'

मग मीच शोधायला बसलो. जे सापडलं ते इथे मांडतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी मक्त्याची गोष्ट. आगबोट अजून नीट चालतही नव्हती तेव्हापासून न्यूयॉर्क राज्य तिचा मक्ता देत होतं. १७८७ मध्ये तो जॉन फिच नावाच्या कारागिराला दिला होता. त्याच्याकडून काही घडेना, तेव्हा १७९८ मध्ये तोच मक्ता रॉबर्ट लिव्हिंग्स्टनच्या पदरात टाकला. हा लिव्हिंग्स्टन साधीसुधी असामी नव्हे. मोठा जमीनदार, राज्याचा चान्सलर (म्हणजे चान्सरी कोर्टाचा मुख्य न्यायाधीश), आणि १७८९ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ देणारा माणूस. अट एवढीच, की प्रवाहाविरुद्ध ताशी ४ मैल चालणारी बोट करून दाखवायची. माणूस झपाझप चालला तर तेवढंच अंतर कापतो. पण विधिमंडळात या बिलाची चेष्टाच झाली. कामकाजाला कंटाळलेली तरुण मंडळी गंमत म्हणून ते पुन्हा चर्चेला घ्यायची म्हणे. हसता हसता देऊन बसले.

पुढे लिव्हिंग्स्टन अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसला गेला. तिथे त्याला रॉबर्ट फुल्टन भेटला. एकाकडे पैसा आणि वशिला, दुसऱ्याकडे यंत्राचं डोकं. १७ ऑगस्ट १८०७ ला त्यांची बोट न्यूयॉर्कहून हडसन नदीतून ऑल्बनीकडे निघाली आणि १५० मैल ३२ तासांत गेली. शिडाच्या होडीला तेवढ्याला चार-चार दिवस लागायचे.

आता चेष्टा संपली. १८०८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या बोटीमागे मुदत पाच वर्षांनी वाढणार, एकूण ३० वर्षांपर्यंत. शिवाय राज्याच्या पाण्यात विनापरवाना आगबोट सापडली तर ती मक्तेदारांच्या मालकीची! दंड नाही, अख्खी बोट. १८११ मध्ये हे आणखी आवळलं, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच बोट ताब्यात.

शेजारच्या राज्यांनी हे कसं ऐकून घ्यावं? न्यू जर्सीने उलट कायदा केला, की तुम्ही आमच्या माणसाची बोट धराल तर आम्ही तुमची धरू. कनेक्टिकटने फुल्टन-लिव्हिंग्स्टनच्या परवान्यावर चालणाऱ्या बोटींना आपल्या पाण्यात बंदी घातली. ओहायोनेही तसाच कायदा केला. एका देशातली राज्यं, पण खाडीच्या मधोमध गेलं की कायदा बदलतो आणि बोट जप्त होते.

आता दोन्ही पात्रं आणतो.

एरन ऑग्डन. न्यू जर्सीचा, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आधी सिनेटर, मग १८१२-१३ मध्ये राज्याचा गव्हर्नर. एलिझाबेथटाउन ते न्यूयॉर्क अशी बोट त्याला चालवायची होती. सुरुवातीला तो मक्त्याविरुद्ध भांडला, हरला, आणि शेवटी १८१५ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या भावाकडून दहा वर्षांसाठी पैसे मोजून पोटमक्ता घेतला. लक्षात घ्या, पुढे जो मक्तेदार म्हणून इतिहासात बदनाम झाला, तो आधी मक्त्याने पोळलेला होता.

थॉमस गिबन्स. मूळचा जॉर्जियाचा, सव्हाना शहराचा महापौर राहिलेला वकील आणि जमीनदार. स्वातंत्र्ययुद्धात याची निष्ठा इंग्रजांकडे. १७९१ च्या निवडणुकीत अँथनी वेनसाठी मतांचा घोळ केल्याचा ठपकाही त्याच्यावर होता. थोडक्यात, पैसेवाला, हट्टी आणि रागीट. उतारवयात तो न्यू जर्सीत येऊन राहिला आणि ऑग्डनबरोबर बोटीच्या धंद्यात पडला.

आणि मग घरचं भांडण आलं. गिबन्सचं बायकोशी आणि मुलीशी बिनसलं होतं. त्यात ऑग्डनने वकील म्हणून नाक खुपसलं असं गिबन्सचं म्हणणं. भरीला कर्जाच्या एका चिठ्ठीवरून ऑग्डनने त्याला अटकही करवली. १८१६ च्या उन्हाळ्यात गिबन्स हातात चाबूक घेऊन ऑग्डनच्या घरी गेला. द्वंद्वयुद्धाचं आव्हान लिहिलेली चिठ्ठी सोबत होतीच, ती दारावर चिकटवली. माजी गव्हर्नरसाहेब मागच्या बाजूने पसार झाले. (अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याला याच न्यू जर्सीच्या काठावर द्वंद्वात गोळी लागून मरून बारा वर्षं झाली होती, तेव्हा पळणं शहाणपणाचंच.) मग ऑग्डनने काय करावं? घरात घुसल्याबद्दल दावा लावला आणि जिंकला!

गिबन्सने मग चाबूक ठेवला आणि बोट उचलली. १८१७-१८ पासून त्याच्या बोटी ऑग्डनच्याच वाटेवर धावू लागल्या. 'बेलोना' ही त्यातली मोठी. कप्तान म्हणून स्टॅटन आयलंडचा एक विशीतला पोरगा ठेवला, कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट. हो, पुढे अमेरिकेतला बडा धनाढ्य झाला तोच. बोटीवर झेंडा होता, 'न्यू जर्सी मुक्त झालीच पाहिजे'. न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं की पकडायला माणसं यायची आणि हा बोटीतल्या चोरकप्प्यात दडून बसायचा. एक आख्यायिका अशी, की त्याने एका बाईला सुकाणू धरायला शिकवलं होतं. शिपाई चढून बघतात तर सुकाणूवर बाई, कप्तानाचा पत्ता नाही.

ऑग्डन ऑक्टोबर १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चान्सरी कोर्टात गेला. चान्सलर जेम्स केंट, कायद्याचा मोठा पंडित. त्याने गिबन्सला मनाईहुकूम दिला. १८२० मध्ये राज्याच्या वरच्या कोर्टानेही तो उचलून धरला. गिबन्सचं म्हणणं एकच होतं: माझ्याकडे १७९३ च्या केंद्रीय कायद्याखाली किनारी व्यापाराचा परवाना आहे, तुमच्या राज्याचा मला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयात गेला तर १८२१ मध्ये कागदावरच्या एका चुकीसाठी अपील परत आलं. अंतिम हुकूम जोडलेला नव्हता. पुन्हा सगळं केलं. शेवटी ४ फेब्रुवारी १८२४ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या तळघरातल्या कोर्टात सुनावणी सुरू झाली.

गिबन्सकडून डॅनियल वेबस्टर आणि देशाचा ॲटर्नी जनरल विल्यम वर्ट. ऑग्डनकडून थॉमस ओकली आणि थॉमस ॲडिस एमेट. एमेट आयर्लंडचा निर्वासित. त्याच्या भावाला, रॉबर्ट एमेटला, इंग्रजांनी १८०३ मध्ये फाशी दिलेलं. स्वतः एमेट फुल्टनचा मित्र. त्याने न्यूयॉर्कच्या उपकारांची महती गाताना रोमन कवी व्हर्जिलची एक ओळ म्हटली, पृथ्वीवर असा कुठला मुलूख आहे जिथे आमचं काम पोचलेलं नाही, अशा अर्थाची. वर्टने उत्तर द्यायला उठून आधी ती ओळ धरली: महाकाव्यातला नायक हे वाक्य अभिमानाने नव्हे, रडत म्हणतो. तिथे 'काम' नाही, दुःख आहे. आणि तीच ओळ फिरवून त्याने सांगितलं, की या मक्त्यापायी तीन राज्यं एकमेकांशी लढाईच्या उंबरठ्यावर आलीत, ते दुःख बघा. माझा सगळ्यात आवडता प्रसंग हाच.

निकाल २ मार्च १८२४ ला. सरन्यायाधीश जॉन मार्शल आदल्या महिन्यात पडून खांदा निखळलेला. आवाज क्षीण, पण वाचला त्यानेच. न्यायमूर्ती सहा आणि सहाही गिबन्सच्या बाजूने. सातवे थॉम्पसन सुनावणीत नव्हते. ओकलीचं म्हणणं होतं, व्यापार म्हणजे खरेदी-विक्री, उतारू नेणं हा व्यापार नव्हे. मार्शल म्हणाला, व्यापार म्हणजे मालाची देवघेव हे खरंच, पण त्याहून जास्त काही आहे. तो परस्परांतला सगळा व्यवहार आहे, आणि नौकानयन त्यात येतंच. 'राज्याराज्यांतला' व्यापार राज्याच्या सीमेवर थबकत नाही, आतही शिरतो. जो पूर्णपणे एकाच राज्याच्या पोटात घडतो, तेवढाच त्या राज्याचा.

मक्ता मोडला. थोड्याच दिवसांत कनेक्टिकटच्या न्यू हेवनहून 'युनायटेड स्टेट्स' नावाची आगबोट पताका लावून न्यूयॉर्क बंदरात शिरली. तोफांची सलामी झाली, धक्क्यावर गर्दी. न्यूयॉर्कला येणाऱ्या आगबोटी वर्षभरात ६ वरून ४३ वर गेल्या असं सांगतात.

आता बोला. मला स्वतःला वाटतं, दारावर ती चिठ्ठी लागली नसती तर मक्ता मुदतीपर्यंत आरामात चालला असता.

---

पावशेर शेंगदाणे

वाचनखूण साठवली! एका दमात वाचलं. म्हणजे भाऊबंदकी ही काही फक्त आपल्या बांधावरची मिरास नाही तर.

एक शंका: फुल्टनच्या बोटीचं नाव तुम्ही दिलं नाही. ती 'क्लेरमाँट' ना?

---

बंदरावरचा कावळा

मुद्दाम टाळलं. आज सगळे तेच नाव घेतात, पण तेव्हा तिला 'नॉर्थ रिव्हर' आगबोट म्हणत. क्लेरमाँट हे लिव्हिंग्स्टनच्या हडसनकाठच्या जहागिरीचं नाव. बोट वाटेत तिथे थांबली होती, पुढे ते नाव बोटीला चिकटलं.

---

कोर्टाची पायरी

लेख छान, पण वकील म्हणून एका ठिकाणी अडतो. 'मार्शलने मक्ता मोडला' हे खरं, पण कशाने मोडला ते बघा. हे नेहमी गाळलं जातं.

वेबस्टरने मागितलं होतं मोठं दान: राज्याराज्यांतल्या व्यापारावर कायदा करण्याचा अधिकार केंद्राचाच, केंद्र गप्प असलं तरी राज्याने हात लावायचा नाही. मार्शल पानंच्या पानं त्याच दिशेने चालतो. शेवटी म्हणतो, या युक्तिवादात फार जोर आहे आणि तो खोडला गेला आहे असं आम्हाला वाटत नाही. आणि तिथेच सोडून देतो! मग खिशातून एक छोटासा खिळा काढतो: १७९३ चा किनारी व्यापाराचा कायदा. गिबन्सकडे त्याचा परवाना आहे, न्यूयॉर्कचा कायदा त्या परवान्याच्या आड येतो, केंद्राचा कायदा वरचा, संपलं. सगळा निकाल त्या खिळ्यावर टांगलाय.

गंमत अशी, की तो परवाना मूळचा जहाज अमेरिकन मालकीचं आहे एवढं दाखवायला आणि बंदराचे कर ठरवायला होता, असं ऑग्डनचे वकील सांगत होते. तो धंदा करायचा हक्क देतो, हा अर्थ मार्शलने लावला. न्या. विल्यम जॉन्सन यांनी वेगळं निकालपत्र लिहून स्पष्ट म्हटलं, परवाना नसता तरी माझा निकाल हाच असता. म्हणजे वेबस्टरचं खरं दान जॉन्सनने टाकलं.

आणखी एक. राज्यांकडे काय उरतं याची मार्शलने यादीच दिली आहे. मालाची तपासणी, साथीच्या रोगांसाठी जहाज अडवून ठेवण्याचे नियम, आरोग्य, टोलचे रस्ते, आणि... नदीपार नेणाऱ्या होड्या! नदी ओलांडणारी होडी राज्याची, खाडी ओलांडणारी आगबोट केंद्राची. यावर पुढे शंभर वर्षं वकिलांच्या चुली पेटल्या.

---

तिरकस

लेख रंजक आहे, पण 'मक्ता मोडला आणि सगळे सुखी झाले' छापाचा. व्हँडरबिल्टचं पुढे काय झालं ते सांगा ना. १८२९ मध्ये तो गिबन्स घराण्याची नोकरी सोडून स्वतःच्या बोटी चालवू लागला. हडसनवर भाडी पाडून प्रस्थापितांना इतकं सतावलं, की त्यांच्या संघटनेने त्याला दहा वर्षं नदीपासून लांब राहण्यासाठी १ लाख डॉलर रोख आणि वर ५ हजार डॉलर सालाना दिले. त्याने घेतले. 'न्यू जर्सी मुक्त झालीच पाहिजे' वाल्या झेंड्याची किंमत शेवटी एवढी निघाली.

कायद्याने दिलेला मक्ता गेला, पैशाने विकत घेतलेला आला. उतारूला फरक काय?

---

बंदरावरचा कावळा

तिरकस, मुद्दा मान्य, पण उतारूला फरक होता हो. पैशाने विकत घेतलेला मक्ता मोडायला दुसरा व्हँडरबिल्ट उभा राहू शकतो. कायद्याच्या मक्त्यात त्याची बोटच जप्त होते. आणि हडसन लगेच मोकळी झाली नव्हती बरं का. न्यूयॉर्क ते ऑल्बनी हा प्रवास एकाच राज्यातला, म्हणून मक्तेदार म्हणाले, हा निकाल आम्हाला लागू नाही. तो मक्ता १८२५ मध्ये न्यूयॉर्कच्याच कोर्टाने मोडला.

---

एडिसनची माई

कावळेदादा, मी या खटल्याच्या अंगणातच राहते आणि मला पत्ता नव्हता! एलिझाबेथटाउन म्हणजे आमचं एलिझाबेथ. तुमचा धागा वाचून शनिवारी नातवाला घेऊन पाण्याकाठी गेले. एलिझाबेथ ॲव्हेन्यू संपतो तिथे पाणी. समोर स्टॅटन आयलंड, एवढं जवळ की पलीकडच्या झाडांची पानं दिसावीत. मधल्या चिंचोळ्या पट्ट्याचं नाव आर्थर किल. नातू म्हणाला, आजी, इथे कोणी मेलं का? म्हटलं नाही रे, 'किल' म्हणजे डच भाषेत ओढा-खाडी. डाव्या हाताला कंटेनर उचलणाऱ्या क्रेनांची रांग. आणि मधोमध, डोळ्याला न दिसणारी, न्यूयॉर्कची हद्द.

तेव्हाचा प्रवास कसा होता तेही वाचलं. न्यूयॉर्कहून बोटीने एलिझाबेथटाउन किंवा न्यू ब्रन्सविकपर्यंत, मग घोडागाडीने ट्रेंटन, मग पुन्हा बोटीने फिलाडेल्फिया. देशातल्या दोन मोठ्या शहरांमधली ही वाट, आणि तिच्या तोंडाशी मक्तेदार बसलेला! न्यू ब्रन्सविकला व्हँडरबिल्टची बायको सोफिया उतारूंसाठी खाणावळ चालवायची, नाव 'बेलोना हॉल'. नवरा बोटीवर, पोरं पदराला, आणि उतारूंची जेवणं. तिचं नाव कुठल्या निकालपत्रात नाही. न्यू ब्रन्सविक आमच्या घरून गाडीने पंधरा मिनिटं.

---

शब्दखूळ

अवांतर, पण राहवत नाही. मार्शलच्या त्या वाक्यात मूळ शब्द 'इंटरकोर्स' आहे. (आजच्या वर्गात तो मोठ्याने वाचला की मागच्या बाकांवर खसखस पिकत असणार, भाचीला विचारा.) धागाकर्त्याने 'परस्परांतला सगळा व्यवहार' लिहिलंय. बरं आहे, पण आपल्याकडे याहून नेमका शब्द पडून आहे: दळणवळण.

आता आपण तो रस्ते, रेल्वे आणि टेलिफोनपुरता ठेवलाय. पण मुळात दळणवळण म्हणजे माणसामाणसांतलं येणंजाणं, घसट, एकमेकांकडे उठबस. 'त्यांचं आमचं दळणवळण नाही' असं आजी म्हणायची तेव्हा मधे रस्ता नव्हता असा अर्थ नव्हता, बोलणं बंद होतं. मार्शलला हेच म्हणायचंय: व्यापार म्हणजे नुसती पोती नाहीत, दळणवळण आहे. ओकली 'व्यापार' मध्ये उतारूला बसू देईना. दळणवळणात तो आपोआप बसतो.

त्या अर्थाने गिबन्स-ऑग्डनचं दळणवळण तुटलं आणि त्यातून दळणवळणाचा खटला झाला. बस्स, एवढंच.

---

पावशेर शेंगदाणे

@शब्दखूळ, दंडवत!

---

निळी शाई

सगळे बोटींबद्दल बोलतायत. त्या काळी हा निकाल धास्तीने वाचणारे लोक दुसरेच होते: दक्षिणेतले गुलामांचे मालक.

१८२२ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क वेसी नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयाचा गुलामांच्या उठावाचा बेत फुटला. त्यानंतर राज्याने कायदा केला, की बाहेरून आलेल्या जहाजावर स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशी असेल तर जहाज बंदरात आहे तोवर त्याला तुरुंगात ठेवायचं. खर्च कप्तानाने द्यायचा. कप्तान त्याला मागे सोडून गेला, तर तो माणूस गुलाम म्हणून विकला जाऊ शकत होता. म्हणजे न्यूयॉर्कने बोट जप्त केली, इथे माणूस जप्त होत होता. हेन्री एल्किसन नावाचा जमैकाचा खलाशी, ब्रिटिश प्रजाजन, असाच अडकला. १८२३ मध्ये त्याचं प्रकरण आलं न्या. जॉन्सनपुढे, म्हणजे 'कोर्टाची पायरी' यांनी वर उल्लेखलेले तेच. ते स्वतः चार्ल्सटनचे. त्यांनी सांगितलं, परराज्यांशी आणि परदेशांशी चालणाऱ्या व्यापारावरचा अधिकार केंद्राचा, हा कायदा घटनाबाह्य आहे. पण त्याला सोडवण्याचा अधिकार माझ्या हातात नाही, असंही त्यांना म्हणावं लागलं. राज्याने निकाल धाब्यावर बसवला आणि कायदा चालूच ठेवला. गावातल्या लोकांनी जॉन्सनना वर्तमानपत्रांतून झोडपलं.

आता मार्शलने १८२४ मध्ये ते मोठं दान का टाकलं नाही, ते नीट दिसतं असं माझं मत. 'राज्याने हातच लावायचा नाही' म्हटलं असतं तर चार्ल्सटनचा कायदाही त्याच फटक्यात गेला असता, आणि तो वणवा त्याला नको होता. किनारी परवान्याचा खिळा सुरक्षित होता. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फने काँग्रेसमध्ये बोलून दाखवलं, की केंद्राला रस्ते-कालवे करायची सत्ता द्याल तर उद्या ते गुलामही मुक्त करतील. आणि ज्याच्या नावाने हा निकाल आहे तो गिबन्स स्वतः जॉर्जियात गुलाम राबवणारा जमीनदार.

मग १९६४. नागरी हक्कांचा कायदा आला. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलने कृष्णवर्णीयांना खोली देणार नाही म्हणून कोर्ट गाठलं. सरकारने सांगितलं, तुमचे ७५ टक्के पाहुणे परराज्यांतले, म्हणजे हा राज्याराज्यांतला व्यापार. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मोटेलविरुद्ध निकाल दिला, आणि आधार म्हणून आधी काय काढलं? १८२४ चा मार्शल. जॉर्जियातल्या एका गुलामांच्या मालकाने वैरापोटी जिंकलेला खटला १४० वर्षांनी जॉर्जियातच कामाला आला.

---

तिरकस

निळी शाई, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. (मी सहसा असं म्हणत नाही.)

तरी एक टोचतं. माणसाला माणूस म्हणून खोली द्या असं न म्हणता, 'तो परराज्यातून आलेला उतारू आहे म्हणून द्या' असं म्हणावं लागणं हे काही भूषण नव्हे. शेजारच्या गल्लीतला माणूस आला असता तर?

---

कोर्टाची पायरी

तिरकस, त्याच दिवशी दुसरा निकालही आला, बर्मिंगहॅममधल्या एका खाणावळीचा. गिऱ्हाईकं गावातलीच, पण मांस परराज्यातून येत होतं, तेवढं पुरलं. टोचतं हे खरं. तिथल्या न्यायमूर्तींमध्येही काहींना टोचलं होतं आणि त्यांनी तसं लिहिलंही. पण हातात आलेलं चालतं हत्यार कोण टाकून देतो?

याचं पाण्यातलं पूर्वरूप १८७० च्या सुमाराचं आहे. 'डॅनियल बॉल' नावाची १२३ टनी आगबोट, मिशिगनमधल्या ग्रँड नदीत, ग्रँड रॅपिड्स ते ग्रँड हेवन. राज्याबाहेर कधी गेली नाही. मालक म्हणाला, मला केंद्राचा परवाना कशाला? कोर्टाने विचारलं, पोटात माल कुठला आहे? परराज्यातून आलेला आणि परराज्यात जाणारा. मग तू साखळीतली एक कडी आहेस, ५०० डॉलर दंड भर.

आता आपल्याकडचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०१ मध्ये भारतभर व्यापार, वाणिज्य यांच्या जोडीला तिसरा शब्द येतो तो हाच 'इंटरकोर्स', शब्दखूळ यांचं दळणवळण. पण तो अमेरिकेहून सरळ आलेला नाही, ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या कलम ९२ च्या वळणाने आला. आणि यावरचा पहिला मोठा खटला, योगायोग बघा, रस्त्यांचा आणि जलमार्गांचाच होता. आसामने १९५४ मध्ये रस्त्याने किंवा अंतर्गत जलमार्गाने जाणाऱ्या मालावर कर बसवला. चहाच्या पेट्या आसाममधून कलकत्त्याला निघाल्या की कर. 'अतियाबारी टी कंपनी' खटल्यात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बहुमताचं निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांचं, आपल्या साताऱ्याचे. मालाच्या वाहतुकीवर थेट पडणारा करही व्यापाराच्या पायातली बेडी असू शकतो, असं त्यांनी धरलं. २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध दोन मतांनी ते मागे घेतलं: भेदभाव न करणारा कर म्हणजे अडथळा नव्हे.

---

ट्रकवाल्याचा पोर

साहेब, कायदा कळत नाही, पण बेडी कळते. वडिलांचा सहाचाकी होता. लहानपणी सुट्टीत मी क्लीनरच्या जागी बसायचो. शहराच्या वेशीवर जकात नाका. रात्री दोनला रांगेत लागलो की सकाळी आठला खिडकीपाशी. पुढच्या ट्रकचा मागचा दिवा, त्यावरचं लिंबू-मिरची, आणि स्टोव्हवरचा चहा. वडील पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन झोपायचे, कारण एक कागद कमी निघाला तर गाडी बाजूला. एकदा कांदे होते. उन्हाळा. सकाळी ताडपत्री उचलली तर वास आला. व्यापाऱ्याने भाड्यातून कापले.

१ जुलै २०१७ ला मुंबईतली जकातही गेली, तेव्हा वडील हयात नव्हते. त्या गिबन्सच्या कप्तानाला चोरकप्पा होता, आम्हाला तोही नव्हता.

---

एडिसनची माई

बाळा, वाचून गलबललं.

---

पावशेर शेंगदाणे

कावळेकाका, दोघांचं शेवटी काय झालं तेवढं सांगून टाका. समेट?

---

बंदरावरचा कावळा

समेट नाही. गिबन्स १८२६ मध्ये गेला. बक्कळ संपत्ती मागे ठेवून. मुलाने, विल्यमने, न्यू जर्सीत मॅडिसनला मोठा वाडा बांधला. आज तिथे ड्रू विद्यापीठ आहे आणि वाडा त्याच्याच आवारात उभा आहे. माई, जमलं तर नातवाला तिकडेही न्या.

ऑग्डनचं मात्र वाईट झालं. पोटमक्त्यात घातलेला पैसा बुडाला, खटल्यांनी उरलेलं खाल्लं. सत्तरी ओलांडलेला हा माजी गव्हर्नर न्यूयॉर्कमध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. तेव्हा त्याच न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने, ज्याने मक्ता दिला होता, कायदा केला की स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाला कर्जासाठी कैदेत ठेवायचं नाही. त्यावर तो सुटला. पुढे त्याला नोकरी मिळाली ती केंद्र सरकारची, जर्सी सिटीच्या बंदरावर कस्टम्सचा अधिकारी म्हणून. १८३९ मध्ये वारला तोवर तो त्याच पाण्याकाठी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचे कागद तपासत होता.